बसवत नाही म्हणून पळते

माहं नाव वनिता. आम्ही मूळचे वर्धेकडले, गाव लहानसं, अन् तुम्ही पहिलंच विचारलं न की लहानपणापासून पळायची आवड होती काय, तर नाही बाप्पा, माह्या गावात पोरगी पळताना दिसली म्हणजे एक तर तिच्या मागं कुत्रं लागलं नाहीतर घरी कोणाचं बरंवाईट झालं, तिसरं कारण कोणाच्या डोक्यात येत नव्हतं. शाळेत एकदा खो-खोत घेतलं होतं मले, ते पण एक पोरगी तापानं पडली म्हणून, अन् मी अशी की खो मिळाला तरी उठायले वेळ लावायची, बाई ओरडायच्या, वनिता ऊठ, वनिता ऊठ. मले बसणंच आवडे. आईजवळ बसून तासनतास तूर निवडायची, कंटाळा म्हणून नाही.

लग्न झालं अन् मी थेट लखनौले आली. आमचे हे रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. काय सांगू तुम्हाले, पहिलं वर्ष तर हिंदी बोलायच्या भीतीनं मी भाजीवाल्याले बोटानंच दाखवायची, हे द्या, ते द्या, तो म्हणे भाभीजी गूँगी हैं क्या. मग शिकली. आता तर असं झालं की मराठी बोलता बोलता मधीच हाँ, अच्छा, यार निघून जाते तोंडातून, तुम्ही लिहिताना काढून टाका वाटलं तर. विकास नगरात दोन खोल्यांचं घर घेतलं आम्ही, मयुरी झाली, तिले मराठी सारं समजते पण बोलणार हिंदीतच, मी म्हणते जेवली काय, ती म्हणते हाँ मम्मी खा लिया. हे तिच्यावर रागवायचे अन् मग स्वतःच तिच्याशी हिंदीत बोलायचे. चांगलं चाललं होतं. खरंच चांगलं चाललं होतं, आता हे नाहीत म्हणून म्हणते असं नाही.

मग ह्यायची ती गोष्ट झाली. ड्यूटीवरच छातीत दुखलं, सोबतच्या लोकांनी एका मोठ्या दवाखान्यात नेलं, मी पोहोचली तेव्हा ह्यायले आत घेऊन गेले होते. दारावर एक माणूस होता, तो म्हणे आप बैठिए, बुलाएँगे. बाहेर लोखंडी बाक होता. मी बसली. सांगितलं तर बसली, मले काय माहीत, मी कधी असा दवाखाना पाहिला होता. मयुरी लहान, तिले शेजारणीकडे टाकून आलेली, अन् हातात ह्यायच्या डब्याची पिशवी, कोणी तरी आणून दिलेली. मी मधी उठली, तो म्हणे बैठिए न मैडम, डॉक्टर साहब खुद बुलाएँगे, मी बसली. परत उठली, परत बसली. अंधार पडला. मग बोलावलं, तर ते सही करायले बोलावलं. सारं होऊन गेलं होतं. निघताना तिथली आया मले म्हणे, बहुत देर तक किसी का नाम ले रहे थे. कोणाचं, म्हटलं. तर तिनं माहंच नाव सांगितलं. मधी एक भिंत होती हो. भिंतीच्या इकडं मी पिशवी धरून बसली होती, अन् तिकडं हे मले हाका मारून राहिले होते.

त्यानंतर मले बसता येईना. लोक भेटायले येत, म्हणत बसा जराशा, दोन घास खा, अन् मी बसली की छातीवर कोणी पाय दिल्यासारखं होय. रेल्वेनं ह्यायच्या जागी मले नोकरी दिली, ऑफिसात फाइली इकडून तिकडं न्यायच्या, तेव्हा बरं होतं, चालायचं काम. मग क्लार्क केलं, खुर्ची दिली, तर मी घडीघडी उठायची, पाणी आण, खिडकी लाव, साहेब म्हणे मैडम आपकी कुर्सी में काँटे हैं क्या. हसायचे सारे, मी पण हसायची. पण सकाळी उठली की घरात राहवत नसे, पोरीचा डबा करायचा अन् कॉलनीतल्या पार्कात जाऊन चकरा मारायच्या, चपला घालूनच, मान खाली घालून, एकटी.

त्या पार्कात मिश्राजी पळायचे. बँकेतून रिटायर झालेले, डोक्यावर माकडटोपी, अन् बोलणं अख्ख्या पार्काले ऐकू जाय असं. एक दिवस माह्या बरोबरीनं आले अन् म्हणे, बहनजी, आप टहल नहीं रहीं, आप भाग रही हैं, तो फिर ढंग से भागिए. मले लय राग आला. दोन दिवस मी पार्काच्या दुसऱ्या टोकानं फिरली. तिसऱ्या दिवशी त्यायनं त्यायच्या बायकोले सोबत आणलं, भाभीले, की अनोळखी बाईशी आपण एकटं बोललो ते बरं नाही झालं म्हणून. भाभी गोऱ्या, ठेंगण्या, गुडघे दुखणाऱ्या, बाकावर टेकल्या अन् मले म्हणे, इनकी मत सुनना, इनका दिमाग खराब है, बुढ़ापे में दौड़ते हैं. तिथून आमची ओळख झाली. माणूस असा होता तो, माफी मागायले बायकोले घेऊन येणारा.

त्यायनंच मले पळायले शिकवलं. त्यायचं एकच म्हणणं, बात करते हुए दौड़ो. बोलता आलं पाहिजे, बोलता बोलता दम लागला म्हणजे समजायचं तू आपल्या चालीच्या बाहेर गेली, कमी कर. मले वाटे पळणं म्हणजे जीव तोडून पळणं. पहिल्या दिवशी तशीच पळाली अन् झाडाले धरून ओकली. मग हळूहळू, बोलत बोलत, आज भाजी काय केली, मयुरीची परीक्षा, ऑफिसातला साहेब, असं सांगत सांगत पार्काच्या बाहेर कधी निघाली ते समजलंच नाही. अमीनाबादेच्या बाजारातून बूट आणले, बायकांच्या मापात चांगले मिळेनात, पोरांचे घेतले, निळे. वर्ध्याले सासूबाईले समजलं, त्या फोनवर म्हणे, नवरा नाही अन् रस्त्यानं पळते, लोक काय म्हणतील. मी म्हटलं आई, इथं थंडीत सारे तोंड बांधून असतात, कोण कोणाले ओळखते. त्या हसल्या नाहीत. पण परत तो विषय काढला नाही.

आता तुम्ही विचारता की पळताना तुम्हाले काय वाटते. अहो, मेडल-बिडल माह्या नशिबात नाही, सोबत पळायचो त्या सगळ्यात मीच हळू. पण पळताना मले कोणी बस म्हणत नाही. तेवढा वेळ माही छाती मोकळी असते. ह्यायची आठवण येते ती पण पळतानाच चांगली येते, बसून आली की ती दवाखान्यातलीच येते. बस, इतकंच आहे, मोठं काही नाही.

रविवारी आम्ही फौजेच्या छावणीत जायचो. तिथले रस्ते मोठे, झाडं जुनी, गाड्या कमी, झाडांच्या बुंध्याले गेरू अन् चुना लावलेला, रस्त्याच्या कडेनं पांढऱ्या विटा रोवलेल्या. मिश्राजी आपल्या जुन्या गाडीतून मले अन् डॉलीले नेत, डॉली म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतली, प्रायव्हेट कंपनीत आहे, तिशीची, हरणासारखी पळते. अन् खान साहब आपल्या मोटरसायकलनं येत, अमीनाबादेत त्यायचं कापडाचं दुकान, बोलायले इतके मऊ की पुढं जायचं झालं तरी आधी इजाज़त मागतील. असे आम्ही चौघं.

अन् लखनौची थंडी तुम्ही पाहिली असेल, जानेवारीतलं कोहरं, म्हणजे धुकं, समोर हात धरला तर आपला हात दिसत नाही. त्या दिवसांत लोक पळणं बंद करतात. मिश्राजी नाही करत. त्यायनं गावाकडून गाईच्या गळ्यातली घंटी आणली होती, पितळेची, ती कमरेले बांधून ते पुढं पळत अन् आम्ही आवाजाच्या मागं मागं, एकामागं एक, विटांच्या कडेनं. एकदा पुढं बंद पडलेला ट्रक उभा होता अन् डॉली त्यावर आदळता आदळता वाचली, तेव्हापासून त्यायनं नियम केला, घंटी बंद तो पाँव बंद. म्हणजे ते पुढं काही अडलं तर घंटी मुठीत धरणार, अन् आम्ही जिथं असू तिथंच उभं राहायचं, हलायचं नाही, कारण हलला तर कशावर जाऊन पडाल सांगता येत नाही. घंटी परत वाजली की निघायचं. दोन हिवाळे असे गेले. आम्ही त्या घंटीवर इतका भरवसा ठेवला होता की पळताना डोळे उघडे आहेत की मिटले, फरक पडत नव्हता.

त्या रविवारी मयुरी म्हणे, मम्मी मत जाओ, नीचे गेट तक नहीं दिख रहा. मी म्हटलं येते लवकर. पोहोचलो, निघालो. मिश्राजी पुढं, त्यायच्या मागं डॉली, मग मी, अन् शेवटी खान साहब. मिश्राजी नेहमी बडबड करायचे, त्या दिवशी गप्पच होते, मले वाटलं थंडी आहे, मफलर तोंडावर घेतला असेल. घंटी वाजत होती. ठण, ठण, एका चालीत. बाकी काही नाही, झाडांवरून टपटप पाणी पडे ते अन् आपल्याच बुटांचा आवाज. अन् मग घंटी थांबली.

आम्ही उभे राहिलो. नियमच होता न. डॉली माह्या पुढं होती, ती पण दिसत नव्हती, तिचा श्वास ऐकू येत होता. मागून खान साहब म्हणे, कोई गाड़ी होगी. आम्ही वाट पाहिली. गाडी असती तर इंजिनाचा आवाज आला असता, दिवा तरी पिवळा दिसला असता, काहीच नाही, सारं पांढरं. मी म्हटलं, मिश्राजी. उत्तर नाही. डॉली म्हणे, दीदी रुकिए, लेस बाँध रहे होंगे. मी परत हाक मारली, जरा मोठ्यानं. आता सांगते तुम्हाले, तिथं उभी असताना माह्या छातीवर तोच पाय पडला, बाकावरचा. कोणी तरी सांगितलं आहे थांब म्हणून अन् मी शहाण्या पोरीसारखी थांबली आहे, अन् पलीकडं काय चाललं आहे ते मले दिसत नाही. मी म्हटलं, मी चालली. डॉली म्हणे दीदी रूल है. मी म्हटलं, असू दे रूल, अन् मराठीतच म्हटलं, तिले काय समजलं असेल.

हात पुढं करून चालत गेली, आंधळ्यासारखी. पायाले काही तरी मऊ लागलं अन् घंटी वाजली, बारीकशी, दबलेली. ते पालथे पडले होते, घंटी पोटाखाली. मी ओरडली. खान साहब अन् डॉली धावत आले, खान साहबनं त्यायले उताणं केलं, तोंड निळसर, डोळे अर्धे उघडे, डॉलीनं नाकाजवळ गाल नेला अन् तिचा चेहरा पाहूनच मले समजलं. पण ती पोरगी घाबरली नाही हो. तिच्या ऑफिसात शिकवलं होतं म्हणे, दोन्ही हात छातीवर ठेवले अन् दाबायले लागली, जोरजोरानं, मले वाटलं बरगड्या मोडते ही. फोन तिच्याकडेच होता, खान साहबनं लावला, ॲम्ब्युलन्सवाले विचारत कुठं आहात, आता काय सांगणार, पांढऱ्यात आहोत. कोणत्या गेटापासून किती, कोणत्या रस्त्यावर, आम्ही तर घंटीच्या मागं आलो होतो, वळणं कोणी मोजली होती. शेवटी ते म्हणे, कोहरे में अंदर नहीं ढूँढ पाएँगे, किसी को चौराहे पर भेजिए. तो चौक मागं राहिला होता, तिथं फौजी चौकी होती, तेवढं आम्हाले पक्कं माहीत होतं.

जायचं कोणी. डॉली दमत होती, ती थांबली की खान साहब दाबत, खान साहब थांबले की ती. दोघंही तिथंच पाहिजे होते. मी मिश्राजींचा हात धरून बसली होती. थंडगार हात. अन् खरं सांगू काय, मले जायचं नव्हतं. मले वाटत होतं हात सोडला की हा माणूस जाईल, अन् जाताना आपलं कोणी जवळ नसेल, अन् मी परत एकदा भलत्याच ठिकाणी असेन. मी म्हटलं मी नाही जात, मी इथंच बसते. तर खान साहब, ज्यायनं कधी कोणाले चढ्या आवाजात हाक नाही मारली, ते ओरडले, आप बैठी रहेंगी तो ये चले जाएँगे. मी उठली. माहा केशरी दुपट्टा सोडला, तिथंच रस्त्याच्या बाजूनं झाडाले गुंडाळला, खूण म्हणून, अन् पळाली.

त्या पळण्याचं काय सांगू. घंटी नाही, माणूस नाही, उजव्या पायानं विटांची कड चाचपत पळायचं, वीट लागली म्हणजे रस्ता आहे, नाही लागली म्हणजे मी रस्त्यावर भलतीकडं चालली. पहिल्यांदा तर जीव तोडून सुटली, अन् लगेच घशात आलं, पोटात कळ उठली. तेव्हा मले समजलं की मी अशी गेली तर पोहोचणारच नाही, मधीच बसेन. अन् मी चाल कमी केली. तुम्ही विचार करा, मागं माणूस मरून राहिला अन् तुम्हाले मुद्दाम हळू पळायचं आहे. पाय म्हणे पळ, मी म्हणे नाही, बोलता आलं पाहिजे. मग मी बोलायले लागली. मोठ्यानं, एकटीच, मराठीत. पहिले मिश्राजींशी बोलली, की थांबा हो, मी येतेच, भाभीले काय सांगू मी. अन् मग कधी ह्यायच्याशी बोलायले लागली ते समजलं नाही. म्हटलं, मी बाहेरच होती. मी कुठं गेली नव्हती. मले बसवलं होतं हो त्यायनं. मले ऐकू आलं असतं तर मी दार तोडलं असतं. इतक्या वर्षांत मी हे कोणाजवळ बोलली नव्हती, स्वतःजवळ पण नाही. रडत होती की घाम होता, माहीत नाही. एक कुत्रं भुंकत अंगावर आलं, मी त्याच्यावरच ओरडली, ते बाजूले झालं. पाय चालूच होते. आयुष्यात पहिल्यांदा मी कशापासून पळत नव्हती.

अन् एकदम समोरून आवाज, रुक जाओ, कौन है. टॉर्च डोळ्यावर. चौकीवरचा जवान, बंदूक हातात, त्याले दिसलं काय तर पहाटेच्या कोहऱ्यातून एक बाई केस मोकळे, बोलत बोलत पळून राहिली. मी हात वर केले. अन् माह्या तोंडून सारं सरळ निघालं, कुठं अडखळली नाही, की भैया, आदमी गिर गया है, साँस नहीं है, इसी सड़क पर अंदर, बाएँ हाथ, पेड़ पर केसरी दुपट्टा बँधा है. जीव तोडून आली असती तर त्याच्या पायाजवळ पडली असती अन् धापा टाकत नुसती हा हा करत राहिली असती. त्यानं दुसऱ्याले हाक मारली, वायरलेसवर बोलले, त्यायची जीप होती, पिवळ्या दिव्यांची, मले पुढं बसवलं. तोवर ॲम्ब्युलन्सचा भोंगा पण कुठून तरी यायले लागला. जीप इतकी हळू की मी पळाली त्याहून हळू, ड्रायव्हर मान बाहेर काढून, मी पण मान बाहेर काढून, झाडामागून झाड, गेरू, चुना, गेरू, चुना, अन् माहा जीव असा की झालं, चुकलं, मागं राहिलं. मग केशरी दिसलं. डॉली अजून दाबत होती. तिच्या हातांची कातडी निघाली होती.

ॲम्ब्युलन्स जीपच्या मागोमाग आलीच, तिच्यातून दवाखान्यात नेलं. यंत्र लावलं, झटके दिले, अन् तिथला डॉक्टर म्हणे धड़कन लौट आई है, पर कुछ कह नहीं सकते. हेही म्हणे की छाती दाबत राहिले म्हणून आले इथवर. मी भिंतीले धरून उभी राहिली. थोड्या वेळानं भाभी आल्या, शेजाऱ्यानं आणलं, पायात घरातल्या चपला, अंगावर शाल उलटी. माह्या अंगावरचे पळायचे कपडे पाहिले, निळे बूट पाहिले, अन् सगळ्यांसमोर म्हणे, मार डाला न तुम लोगों ने. दारावरचा माणूस आला, त्याचा पण काय दोष, त्याले सांगितलेलंच तो सांगणार, तो भाभीले म्हणे, माताजी आप बैठिए, बुलाएँगे. बाजूले बाक होता. भाभी बसल्या. शालीचे दोन्ही पदर मांडीवर धरून, अशा शहाण्यासारख्या बसल्या.

अन् मी मले पाहिलं तिथं. तुम्हाले सांगते, कोहऱ्यात मी इतकी घाबरली नाही इतकी त्या बाकाले पाहून घाबरली. मी म्हटलं भाभी उठिए. त्या म्हणे मुझे मत छूना. म्हटलं मारा मले, शिव्या द्या, पण उठा, बसू नका. दंड धरला अन् उठवलंच. दाराशी गेली. तो म्हणे अंदर मना है. म्हटलं इनकी घरवाली है. म्हणे बुलाएँगे मैडम. म्हटलं कब, जब साइन करनी होगी तब. मी ओरडली नाही, दारात पाय रोवून उभी राहिली फक्त, म्हटलं हटणार नाही, पोलीस बोलवा, फौज बोलवा. लोक जमा झाले. आतून एक तरुण डॉक्टरीण आली, तिनं माह्याकडं पाहिलं, भाभीकडं पाहिलं, म्हणे चप्पल उतारकर आइए, दो मिनट. भाभी गेल्या. दार लोटलेलं राहिलं, फटीतून मले दिसत होतं. छातीवर तारा, हातात सुया, तोंडावर ते प्लास्टिकचं, हात लावायले जागाच नव्हती, म्हणून भाभीनं त्यायचे पाय धरले. तळव्याले हात लावून उभ्या. अन् मिश्राजींनी डोळे उघडले. प्लास्टिक जरा सरकवलं अन् बायकोले विचारलं, चाय पी. बस एवढंच. भाभी म्हणे, पी ली.

दोन मिनिटं कसली, त्या डॉक्टरणीनं स्टूल दिला तिथं. दुसऱ्या दिवशी पहाटे मिश्राजी गेले. भाभी पायाशीच होत्या.

तेराव्याच्या नंतर मी गेली त्यायच्याकडं, भीत भीतच गेली. खान साहब अन् डॉली येऊन गेले होते, त्यायच्याशी भाभी धड बोलल्या नव्हत्या. मले म्हणे बैठो. मी उभीच राहिली. त्या म्हणे, वो रोज़ मेरी चाय बनाकर, ढककर जाते थे, उस दिन भी रखकर गए थे, मैंने पी नहीं थी, मैं सो रही थी, मैंने झूठ कहा. मग म्हणे, दौड़ ने ही मारा उन्हें, ये मैं मरते दम तक कहूँगी. अन् तुम न दौड़तीं तो मैं बाहर ही बैठी रह जाती, ये भी कहूँगी. दोन्ही एकाच आवाजात म्हटलं. मले त्यायचं दोन्ही खरं वाटलं. मी तिथं, त्यायच्या पलंगावर, त्यायच्या बाजूनं बसली. कितीतरी वेळ बसली, अन् मले काही झालं नाही.

आता आमचा ग्रुप नाही राहिला तसा. खान साहबचं पळणं घरच्यांनी बंद केलं, डॉलीचं लग्न झालं, ती बाहेरगावी गेली. मयुरीनं मले शपथ घालून पाहिली, रडून पाहिलं, पापा भी दिल से गए, अंकल भी, अब तुम. मी तिच्यासोबत जाऊन हृदयाची सारी तपासणी करून आली, कागद तिच्या हातात दिला, म्हटलं हे घे, अन् आता मले जाऊ दे. कोहऱ्यात नाही जात. तेवढं तिचं ऐकलं. बाकी रोज जाते, विकास नगरातच, एकटी, आपल्या चालीनं, बोलत बोलत, लोक म्हणतात बाई वेडी आहे. म्हणू दे.

पळून झालं की भाभीकडं जाते. त्यायले सकाळी चहा करून द्यायले आता कोणी नाही, पोरगा दूर नोकरीले, तर तो मी करते. त्या दार उघडतात, माह्या बुटाकडं पाहतात, तोंड वाकडं करतात, म्हणे आज फिर गई थी. मी म्हणते हो. बूट बाहेर काढायले लावतात, घाम वाळेस्तोवर पलंगाले हात लावू देत नाहीत. मग आम्ही दोघी बसतो. चहा पितो. सुखी राहा म्हणतात मले जाताना, तसं मी पण म्हणते तुम्हाले, इतका वेळ ऐकलं तुम्ही माहं, सुखी राहा. रोज मी निघाली की भाभी म्हणतात, कल मत जाना. मी बरं म्हणते. अन् मी पायऱ्या उतरते तोवर मागून परत हाक येते, सुनो, कल कितने बजे आओगी.